मागच्याने द्यायचा शब्द

तौसीफ मणियार मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याला नमाज धड येत नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्ही त्याचंच कौतुक कराल आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहणार नाही. त्याला शिकवलं मी. हात कुठे बांधायचे, कधी वाकायचं, घशातला ‘ह’ कसा काढायचा, सगळं मी. घाटकोपरहून मेट्रोने यायचा, पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, आणि जिन्याखाली माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. शाळेतल्या पोरासारखा आयती, म्हणजे कुराणातली वचनं, घोकायचा.

मी आसिम सोलकर. हाफिज आहे, म्हणजे कुराणाचे अख्खे तीस पारे, तीसही भाग, मला तोंडपाठ आहेत. बाराव्या वर्षी पूर्ण केले. आमच्या जोगेश्वरीच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले होते आणि अब्बांनी मला खांद्यावर घेतलं होतं, खरं तर त्या वयात मी खांद्यावर मावत नव्हतो.

अब्बा मशिदीत बांगी आहेत. दिवसातून पाच वेळा बांग द्यायची, लोकांना बोलवायचं आणि लोक आले की स्वतः इमामाच्या मागे जाऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत त्यांनी किती इमाम पाहिले असतील! काही त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचे. रत्नागिरीकडून मुंबईत आले तेव्हा शिक्षण चौथी, त्यामुळे पुढे उभं राहण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांची एकच हौस होती आणि ती त्यांनी मला हजार वेळा बोलून दाखवली होती. “एकदा तुझ्या मागे उभा राहिलो की झाला. मग माझा काय मागणा नाय.”

तर आमचं कॉलेज. अंधेरीला, एमआयडीसीच्या मागच्या बाजूला, एका ट्रस्टचं. सगळ्या जातिधर्मांची मुलं आहेत, पण मुसलमान मुलांसाठी तिथे दुसऱ्या वर्षाला ‘किरदार’ नावाचा एक वर्षाचा उपक्रम चालतो. किरदार म्हणजे चारित्र्य. तो काझी सरांनी काढला. सर स्टॅटिस्टिक्स शिकवतात आणि त्यांचं म्हणणं असं, की डिग्री घेऊन बाहेर पडलेला मुलगा रांगेत घुसत असेल, खोटं बिल लावत असेल, तर त्याच्या कपाळावर नमाजचा डाग कितीही काळा पडला तरी उपयोग काय? म्हणून नमाज वेळेवर, सोमवारी-गुरुवारी जमेल त्याने रोजा, महिन्यातून एकदा कूपर हॉस्पिटलबाहेर रांगेत बसलेल्यांना पाणी आणि चहा. आणि रोज झोपायच्या आधी एक वही लिहायची. तिला मुहासबा म्हणतात, आपली आपण झडती घेणं. त्यात तीन प्रश्न असायचे. आज कोणाला दुखावलं? आज दिखावा काय केला? आणि आज दुसऱ्याकडचं काय त्याच्याकडून जावं असं वाटलं?

सर वह्या वाचायचे नाहीत. शुक्रवारी वही मिटलेलीच हातात घ्यायचे, पानं फुगलीत का एवढं कडेने बघायचे आणि परत द्यायचे. तिसऱ्या प्रश्नापुढे मी वर्षभर एकच उत्तर लिहिलं. ‘काही नाही.’

साफ खोटं होतं ते. मला तौसीफकडचं सगळं जावं असं वाटत होतं.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो. वजू करायच्या जागी, म्हणजे नमाजच्या आधी हातपाय धुतात तिथे, फरशीवर कायम पाणी साचायचं. एकदा वॉचमन घसरून पडला. दुसऱ्या दिवसापासून तौसीफ नमाज झाली की वायपर घ्यायचा आणि सगळं पाणी जाळीत ढकलून द्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. आठ दिवस झाले, महिना झाला, सेमिस्टर संपलं, हा रोज वायपर घेऊन उभाच. व्हाइस प्रिन्सिपल उत्तरा मॅडम एकदा तिथून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, “काझी सर, तुमच्या उपक्रमाचा रिपोर्ट मला लिहून नका देऊ. मी बघितला.” सरांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

मी तेव्हा काय म्हणालो ठाऊक आहे? “सर, हा पण दिखावाच झाला ना एक प्रकारचा?” सर म्हणाले, “असू शकतो. तो त्याच्या वहीत बघेल. तू तुझ्या बघ.”

माझ्या हाफिज असण्याचं कॉलेजच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना अप्रूप होतं. दुसऱ्या वर्षी ते भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं. आहे, चालू आहे, कोण बघतंय! आणि हा मणियार, ज्याच्या घरी ईदशिवाय कोणी टोपी घालत नाही, ज्याचा बाप स्टेशनबाहेर बांगड्या विकतो आणि नमाजचं नाव काढलं की “गिऱ्हाईक सोडून कुठं जाऊ” म्हणतो, तो सगळ्यांचा लाडका. कोणाला हॉस्पिटलमध्ये रक्त हवंय, फोन तौसीफला. कोणाचं घरी भांडण झालंय, बसणार तौसीफजवळ. माझ्याकडे लोक यायचे ते ‘ही आयत कितव्या पाऱ्यात आहे रे’ विचारायला. मी म्हणजे काय, त्यांचं गूगल!

वर्गातला माझा दोस्त प्रबुद्ध कांबळे. मुलुंडचा, तोंडाने फटकळ. कॅन्टीनमध्ये एकदा मी तौसीफबद्दल बराच वेळ बोलत होतो. त्याचे उच्चार कसे कच्चे आहेत, ‘ऐन’ आणि ‘अलिफ’ त्याला अजून वेगळे काढता येत नाहीत, असं. प्रबुद्धने समोसा संपवला आणि म्हणाला, “यार, तुमचं ते ऐन-बिन मला नाय कळत. पण तुझी जाम जळते त्याच्यावर, हे आख्ख्या कॅन्टीनला कळतं.”

“माझी कशाला जळेल? मीच शिकवलंय त्याला.”

“म्हणूनच जळते ना!”

मी दोन दिवस प्रबुद्धशी बोललो नाही.

मग जानेवारी आला. उपक्रमाच्या शेवटी एक कार्यक्रम असतो. मुलांचे आईबाप येतात, बास्केटबॉलच्या कोर्टावर सतरंज्या घालतात आणि सूर्य मावळला की मगरिबची नमाज सगळे मिळून पढतात. इमाम मात्र बाहेरचा नसतो, वर्गातलाच एक मुलगा असतो. मी तर कॉलेजच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं तो कोण असणार ते. अब्बांनाही सांगून ठेवलं होतं. अब्बांनी मशिदीत सांगितलं होतं, मशिदीने गल्लीत. आईने अब्बांसाठी पांढरा कुर्ता शिवून घेतला होता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सरांनी सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला. “इमाम मी ठरवणार नाही,” म्हणाले. “तुम्हाला कोणाच्या मागे उभं राहायला आवडेल, त्याचं नाव लिहा.”

मी माझं नाव लिहिलं. हो, लिहिलं. हसायचं असेल तर हसा.

सरांनी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली. तौसीफ. तौसीफ. तौसीफ. मध्येच एकदा आसिम, ती माझी चिठ्ठी. मग परत तौसीफ, तौसीफ. माझे कान तापले. शेवटी शेवटी अजून एक आसिम निघाली. त्या एका चिठ्ठीने मला जरा धीर आला. एवढ्या सगळ्यांत एकाला तरी अक्कल आहे म्हणायची, असं वाटलं. संध्याकाळी तौसीफ जिन्याखाली मला म्हणाला, “आसिमभाई, मी तुझं नाव लिहिलं होतं. हे काय होऊन बसलं यार? मला नाय जमणार.” ती दुसरी चिठ्ठीही त्याचीच होती. मला ती त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली.

मी सरांकडे गेलो. “सर, नियम काय आहे? ज्याला जास्त पाठ, तो पुढे. हा नियम आपण मोडायचा का?”

सर म्हणाले, “नियम बरोबर आहे. म्हणून तर तू त्याच्या बरोबर मागे उभा राहणार आहेस. तो अडला तर लुक्मा तू द्यायचास. मला त्यात त्याच्याइतकाच तुझा सन्मान वाटतो.”

लुक्मा म्हणजे खरं तर घास. नमाजमध्ये इमाम मोठ्याने आयती म्हणतो आणि बाकी सगळे गप्प असतात, एक शब्द बोलायची मुभा नसते. पण इमाम मध्येच विसरला, अडला, तर मागे उभ्या असलेल्या जाणत्याने पुढचा शब्द मोठ्याने सांगायचा. त्याला लुक्मा देणं म्हणतात. मागच्याने पुढच्याला घास भरवायचा. सन्मान म्हणे!

घरी मी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? अब्बा रात्री कुर्ता हँगरला लावून त्याच्याकडे बघत बसायचे.

आणि आता मी जे केलं ते ऐका. तौसीफ जिन्याखाली आला, नमाजमध्ये कुराणातली कुठली सूरह, म्हणजे कुठला अध्याय म्हणायचा ते ठरवायला. म्हणाला, “मी छोटी सूरह घेतो, चार-पाच आयतींची. ती पक्की येते मला.”

“छोटी?” मी म्हणालो. “आईबाप येणार, ट्रस्टी येणार, आणि तू लहान पोरांची सूरह म्हणणार? इज्जत आहे का नाही आपल्या बॅचची? मोठी घे. मी करून घेतो तुझ्याकडून.”

मी त्याला एक उतारा दिला. सुंदर आहे, मला फार आवडतो. पण आम्हा हाफिज लोकांना माहीत असतं की काही आयती एकमेकींसारख्या असतात. सुरुवात तीच, पुढे शब्द बदलतो. जीभ सवयीने भलतीकडे वळते, ओळखीच्या नाक्यावर रिक्षा आपोआप वळावी तशी. त्या उताऱ्यात असा एक नाका होता. मी स्वतः लहानपणी तिथे कित्येक दिवस चुकलो होतो. तौसीफला मी ते सांगितलं नाही. त्याला खड्ड्यात घालायला मी तो उतारा दिला नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणत होतो. आज म्हणत नाही.

तो बिचारा पंधरा दिवस घोकत होता. येता-जाता मेट्रोत कानात इअरफोन. माझ्यासमोर दोनदा त्याच ठिकाणी अडला, मी शब्द सांगितला, तो पुढे गेला. “टेन्शन नाय,” म्हणाला, “तू मागे आहेस ना.”

कार्यक्रमाच्या दिवशी अब्बा दुपारी चारलाच हजर. पांढरा कुर्ता, दाढीला मेंदी, हातात आईने दिलेला चिवड्याचा डबा. मी त्यांना कोपऱ्यात नेलं आणि तोंडातल्या तोंडात सांगितलं की इमाम दुसरा मुलगा आहे.

अब्बांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, “असू दे. चांगला असेल तो पोरगा.” मला ते वाक्य इतकं लागलं की तौसीफचा गळा धरावासा वाटला. अब्बांच्या डोळ्यांतलं ते स्वप्न त्यानेच काढून घेतलं होतं ना!

सूर्य मावळला. काझी सरांनी अब्बांना बांग द्यायला सांगितली. अब्बांनी कानावर हात ठेवले आणि बास्केटबॉलच्या जाळीखाली उभं राहून अशी बांग दिली की गेटबाहेरच्या रिक्षा थांबल्या. रांगा लागल्या. तौसीफ पुढे. त्याच्या बरोबर मागे मी. माझ्या मागे कोण उभं राहिलं ते मी पाहिलं नाही. मी तौसीफच्या मानेकडे बघत होतो. त्याच्या कॉलरला शिवणीजवळ ठिगळ होतं आणि मानेवर घाम होता.

त्याने सुरुवात केली. आवाज थरथरत होता, पण लागला. खरं सांगतो, चांगला लागला. माझ्या उच्चारांना कोणी बोट लावू शकत नाही, पण माझं ऐकून कोणाच्या अंगावर काटा आलेला मला माहीत नाही. त्याचं ऐकताना शेजारच्या रांगेत एक म्हातारा हुंदका देत होता. आणि मी? मी तो नाका कधी येतो याची वाट बघत होतो.

नाका आला. तौसीफ थांबला.

तो मागच्या आयतीवर परत गेला, पळत येऊन उडी मारतात तसा, आणि परत तिथेच थांबला. पूर्ण कोर्ट शांत. आमच्या कॉलेजवरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं, लेक्चरमध्ये सर बोलायचे थांबतात. त्या वेळी एक विमान जाईल तर शपथ! त्या शांततेवर पांघरूण घालायला काही नव्हतं.

शब्द माझ्या जिभेवर होता. मी श्वासही घेतला. आणि तोंड मिटून घेतलं. वाटलं, कळू दे सगळ्यांना. ज्याच्या मागे उभं राहायला आवडतं ना तुम्हाला, बघा त्याला. एवढं स्पष्ट वाटलं मला, उभा होतो नमाजमध्ये, हात बांधून, देवासमोर.

तौसीफ तिसऱ्यांदा मागे गेला. त्याचा आवाज फाटला. मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरला. त्याने डोकं किंचित माझ्या बाजूला कलवलं, फार नाही, वळायची मुभा नसते, पण मला कळलं. तो माझी वाट बघत होता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून शब्द आला. जाड, घोगरा, बांग देऊन कमावलेला आवाज. अख्खी आयत नाही, फक्त तो एक वळणाचा शब्द. तौसीफने तो झेलला आणि पुढे निघाला, न अडता, शेवटपर्यंत.

मला मागे वळून बघायची गरज नव्हती. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.

नमाज संपली. लोक तौसीफभोवती जमले. अब्बा सतरंजीवरच बसून राहिले होते, गुडघा चोळत. मी त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, “अब्बा, तुम्हाला ही आयत कशी येते? तुम्ही तर पाठ केलेलं नाही.”

“तू नऊ वर्षांचा होतास,” अब्बा म्हणाले. “आठ दिवस ह्याच आयतीवर रडत होतास. खोली केवढी आपली! मी काय कान बंद करून बसणार होतो? तुझ्या तोंडून ऐकून ऐकून माझी झाली ती.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “तू इसरलास काय रे आज?”

“हो,” मी म्हणालो. “ऐन वेळी विसरलो.”

अब्बांनी चिवड्याचा डबा उघडला, परत बंद केला.

“मी तुझ्या बरोबर मागे उभा होतो आसिम. मुद्दाम ती जागा धरली. म्हटला, पुढे नाय तर नाय, पण तुझ्या मागे तर उभा राहिलो. तू श्वास घेतलास. मला ऐकू आला. म्हटला, आता बोलतोस. इसरलेला माणूस असा श्वास घेत नाय रे.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ज्या जागेची वाट बघितली, ती जागा त्यांना मिळाली आणि तिथून त्यांनी हे ऐकलं.

तौसीफ दोन्ही हातांत चहाचे कागदी कप घेऊन आला. “चाचा, तुम्ही वाचवलंत,” म्हणाला. “माझी तर वाट लागली होती. आसिमभाईने किती नीट शिकवलं होतं, मीच माती खाल्ली.” त्याने एक कप अब्बांना दिला, दुसरा माझ्यापुढे धरला. स्वतःसाठी आणलाच नव्हता.

मी कप घेतला नाही. “मला येत होता तो शब्द,” मी म्हणालो.

“काय?”

“आठवत होता मला. मी दिला नाही. आणि त्या जागी सगळेच चुकतात, तेही मला माहीत होतं. म्हणून तर मोठा उतारा दिला तुला.”

तौसीफ हसला, म्हणजे हसायला लागला, आणि मग अब्बांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. कप हळूच सतरंजीच्या बाहेर, फरशीवर ठेवला. “तू मागे आहेस म्हणून मी मोठी घेतली रे,” एवढंच बोलला. भाई म्हणाला नाही. आणि निघून गेला.

मी बसून राहिलो. अब्बांनी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, “इकडे काय बसलास? मी काय तुझा इमाम हाय? जा.”

तौसीफ वजूच्या जागी होता. एवढी माणसं हातपाय धुऊन गेलेली, फरशीवर घोट्याएवढं पाणी. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि वायपरने पाणी जाळीकडे ढकलत होता, रोजच्यासारखा, फक्त रोजच्यापेक्षा जोरात. मी आलेलं त्याला कळलं, पण त्याने मान वर केली नाही.

मी दुसरा वायपर शोधला. नळांच्या मागे बघितलं, दारामागे बघितलं. नव्हता. तिथे एकच वायपर होता आणि तो त्याच्या हातात होता. हसू नका, पण मला त्या वायपरचाही हेवा वाटला. आयुष्यात पहिल्यांदा असा वाटला, की त्याच्याकडून जाऊ नये, मलाही एक मिळावा.

मी चपला काढल्या, पाण्यात उतरलो आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तो पाणी ढकलत राहिला.